माणसासकट घेतलेलं घर

हॅलो?… हो ताई, मीच… हळू बोलतेय, कारण जिन्यात उभी आहे… आमच्याच जिन्यात गं, दुसऱ्या कुणाच्या असणार!

…नाही, भांडण-बिंडण काही नाही. हे कामावर गेलेत, मुली शाळेत. ताई, आज वरच्या बाईंचा आवाज नाही.

…अगं, वरच्या बाई म्हणजे ज्यांनी आम्हाला घर विकलं त्या आजी. वरच राहतात… हो, अजून… नाही सांगितलं तुला. लाज वाटायची.

…ऐक ना. दलालानं तीन तऱ्हेची जुनी घरं दाखवली होती. एक जोडघर, दोघांत मिळून एक भिंत. शेजारी घोरला की आपली झोप गेली! दुसरं खाली गोठा, वर माणसं. आणि तिसरं हे. इथली जुनी रीत आहे म्हणे. म्हातारं माणूस घर विकतं, पण मरेपर्यंत एक खोली त्याचीच. म्हणून स्वस्त… हो, माणसासकट घर. हसू नकोस गं.

…छे, फसवलं नाही कुणी. वकिलानं दोनदा वाचून दाखवलं. आम्हीच म्हटलं, एक्क्याऐंशीच्या आहेत, असून असून किती दिवस… हो, ह्याच शब्दांत.

…सहा वर्षं झाली.

…अगं, रोज सकाळी सातला त्या काठी आपटतात. तीनदा. म्हणजे उठल्या. मग मी खालून झाडूच्या दांड्यानं छताला ठोकते, म्हणजे ऐकलं. आता साडेनऊ वाजलेत, ताई.

…मारल्या ना हाका. दोनदा… किल्ली हातातच आहे… जाते, जाते! ओरडू नकोस. पायच उचलत नाहीये.

…तसली भीती नाही गं. सांगू? ठोके ऐकू आले की माझा हिरमोड व्हायचा. क्षणभरच, पण रोज. ह्यांनी तर बाई बाजारात गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या खोलीचं माप घेतलं, धाकटीच्या पलंगासाठी. चोरासारखं. आणि मोजपट्टी तिथेच खिडकीत विसरले… हो ना! दुसऱ्या दिवशी ती आमच्या दाराशी होती. नीट गुंडाळून ठेवलेली. बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेव्हापासून मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही.

…आणि आज सात वाजून गेले, ठोका नाही, तर मी काय केलं माहितेय? चहा करून घेतला. अडीच तास बसून राहिले, ताई. कान वर लावून.

…नको, आईला नको सांगूस.

…हो. चढतेय. तू ठेवू नकोस हं फोन… दार वाजवतेय, ऐकू येतंय ना?… काहीच नाही गं… किल्ली अडकतेय… उघडलं.

…थांब.

…अगं बाई!… नाही, नाही, आहेत! श्वास चालू आहे! पलंगाशेजारी जमिनीवर पडल्यात… काठी पार दाराशी घरंगळलीये, हात कसा पोचणार… हात गार पडलेत गं नुसते… काहीतरी पुटपुटतायत… थांब, कान जवळ नेते…

…ताई…

…माफी मागतायत. माझी. अजून जिवंत आहे म्हणून माफ कर म्हणतायत.

…नको, काही बोलू नकोस आता. ठेवते. डॉक्टरांना बोलवायचंय.