नकाशाचं जुनं व्हर्जन

दाढेने गाल सुजलेल्या शिंप्याला बोलता येत नव्हतं, म्हणून दातांच्या दवाखान्यात बसून तो शेजारच्या नणंद-भावजयीचं बोलणं ऐकत होता.

"वहिनी, तुमचं ॲप ज्यांच्या नकाशावर चालतं, ते आज त्यांचं जुनं व्हर्जन बंद करणार ना? आणि तू इथे निवांत?"

"मग? दाढ थांबते का?"

"अगं, तुमच्या ॲपला पत्तेच सापडले नाहीत, तर लोकांची औषधं घरी पोचायची कशी?"

"दर शुक्रवारी ऑफिसात मीच आमच्या ॲपमध्ये ते जुनं व्हर्जन मुद्दाम थोडा वेळ बंद करून बघायचे. जे जे अडायचं, ते ते नव्या व्हर्जनवर न्यायचे."

"आणि तुझे साहेब?"

"त्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं! म्हणे, चालत्या गाडीचं चाक काढता?"

तेवढ्यात फोन वाजला.

"साहेबच. स्पीकरवर टाकते, कानाला लावला की दाढ ठणकते."

"मॅडम, सगळे जीव मुठीत धरून बसलोय! कधी बंद होणार ते?"

"साहेब, तुमच्या आईंच्या गोळ्या आल्या का?"

"हो, आत्ताच आल्या. पण बंद कधी होणार?"

"सकाळीच झालं."

शिंप्याने दोन्ही हातांनी गाल घट्ट धरला, तरी हसू फुटलंच.