खिसा झाकायचा राहिला

नाव: गल्लीत भिंगरी म्हणतात, तेच लिहा. वय: तेवीस. धंदा: या आठवड्यापासून ट्रकवर हमाली, त्याआधी परगावी हॉटेलात, त्याही आधी केबलवाल्याकडे आठ महिने. पत्ता: कागदावर लिहून दिला आहे, मोठ्याने वाचू नये, बाहेरच्या बाकावर दुसऱ्याच चॅनलचा वार्ताहर बसला आहे, त्याला घर माहीत नाही.

समक्ष हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी, आई, वडील व सातवीतली बहीण राहतो. वडील शिंपी आहेत. बहिणीचा गणवेश त्यांनीच शिवला. कापड कमी पडलं म्हणून खिसा दुसऱ्या निळ्या तुकड्याचा लावला. वर्गातल्या चार मुली तिला 'ठिगळ' म्हणत. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी तिला नळाजवळ धरून त्या खिशात चिखल भरला व मोबाईलवर व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत माझ्याकडे आला. मी तेव्हा परगावी हॉटेलात भांडी घासत होतो. काम बरं होतं, मालक मात्र एक नंबरचा चिक्कू, साबणसुद्धा (हवालदारसाहेबांनी मुद्द्यावर यायला सांगितलं).

मी त्याच दिवशी घरी आलो. वडील म्हणाले, "शाळेत जाऊन बोलू. बोभाटा नको." मी ऐकलं नाही. टीव्हीच्या एका वार्ताहराला व्हिडिओ मीच दिला. "दादा, चेहरा झाकतो, निर्धास्त राहा," असं तो म्हणाला. चेहरा झाकला. खिसा उघडाच ठेवला. शाळेत तसा खिसा एकीचाच आहे.

बुधवारी दुपारी एकपासून बातमी दर अर्ध्या तासाला लागली. मागे रडकं संगीत. मावशीचा फोन आला, "अगं, आपली पोरगी टीव्हीवर! मी सगळ्यांना पाठवलंय." आईने फोन पिठाच्या डब्यात कोंबला. वडील मशीनवर बसून होते, मशीन चालत नव्हतं. बहिणीने मला विचारलं, "दादा, तू दिलास?" मी नाही म्हणालो.

पाच वाजता वार्ताहर माईक घेऊन दारात. "ताईला दोनच शब्द बोलू द्या, सात वाजता विशेष कार्यक्रम आहे." वडिलांनी दार लावलं.

पावणेसातला मी खांबावर चढून वायरी कापल्या. केबलवाल्याची तक्रार खरी आहे. एक नाही, तिन्ही कापल्या. कुठली कुणाच्या घरात जाते ते मला पाठ आहे. उतरलो तर खाली किराणावाला मोबाईल धरून उभा. म्हणाला, "भिंगऱ्या, उगाच चढलास. ये, इथे दिसतंय की." त्याचा मोबाईल गटारात मी टाकला. त्याचं मला वाईट वाटत नाही.

घरी बहिणीने ब्लेडने खिसा उसवून काढला होता. आतलं कापड विटलेलं नाही, त्यामुळे गडद चौकोन लांबूनही दिसतो. ती शाळेत जात नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. व्हिडिओ कोणी दिला ती ओळ घरी मी स्वतः वाचून दाखवीन.