मशीनमधली साय

आमचं मूळ गाव हदगावच्या बाजूचं, कापसाचा मुलूख. बाप जिनिंगमध्ये गठाणी बांधायचा, सांजेला घरी आला की भुवयासुद्धा कापसाच्या तंतूंनी पांढऱ्या, आणि माय त्याला दारातच थांबवायची, आधी सदरा झटका म्हणायची, मग चुलीपाशी या. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येतंय. मी लातूरला आलो, दाळमिलच्या काट्यावर लागलो, अजून तिथंच हाय, वजन बरोबर पायजे म्हणजे पायजे, घरचे ह्याला नाद म्हणतात, म्हणू द्या.

तर यंदा लेक रेखा पहिल्या बाळंतपणाला आली, पोरगी झाली, गोरीपान, आणि पाऊस काही उघडीप देईना. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर दुपटी, लंगोट, टोपडी. जावईबापू बघायला आले ते वाकतच आत आले, डोक्यावर टोपडं घेऊन उभे राहिले, हसून हसून बेजार झालो आम्ही. आठ दिवसांत त्यांनी टेम्पोतून मशीन पाठवलं. धुवायचं न्हाई, निस्तं वाळवायचं. ओलं टाका, आत गरम हवा फिरती, कपडे ऊन ऊन बाहेर येतात. माय म्हणाली, हे तर कोंडून ठेवलेलं ऊन हाय बाबा.

आता त्यात एक जाळी असती, कपड्यांची लव तिच्यावर बसती. बसवायला आलेला माणूस सांगून गेला, दर खेपेला साफ करा. पण मायनं ती लव बोटात धरून बघितली, मऊ, कापसावानी, आणि म्हणाली, हे फेकायचं? ह्याच्या वाती होतील की. काय सांगू तुम्हाला, कापसाच्या मुलखातली बाई, पुंजका वाया जाऊ देणार न्हाई. तिनं माझ्या बायकोला बजावलं, जाळीला हात लावू नको बरं सुनबाई, दाट थर येऊ दे, पातळ थराची वात वळत न्हाई. दुधावर साय धरू द्यावी तसं चाललं. इकडं बायकोनं आणखी एक केलं. मशीनची गरम हवा पाईपातून खिडकीबाहेर जाती, त्या तोंडातून उंदीर येतील म्हणून तिनं मच्छरदाणीचा तुकडा करकचून बांधला.

मला एवढंच कळून राहिलं की आधी पाऊण तासात वाळणारी दुपटी आता दीड तास घेऊन राहिली. मी म्हटलं, हिशोब जुळत न्हाई. माय म्हणाली, पाऊस वाढला तर कपडे जास्त भिजणार न्हाईत का?

मग बारसं आलं. घर बायांनी भरलेलं, पाळणा सजलेला, पलीकडच्या बोळीत मशीन चालूच, कारण बाळाचं काम थांबतं व्हय? मायनं औक्षणाला निरांजन घेतलं, तुपात तिची नवी वात, कौतुकानं सगळ्यांना दाखवली, आणि काडी लावली. ती वात जळली न्हाई, भस्सकन पेटली! वीतभर जाळ, काळा धूर, प्लास्टिक जळाल्याचा वास. मायनं ताट बाजूला केलं म्हणून बरं, रेखाच्या नणंदेनं वरून परात पालथी घातली. बाया आधी किंचाळल्या, मग हसत सुटल्या. नणंद म्हणाली, नाव मी ठरवून आणलं होतं, पण पोरीचं नाव आता भडकाच ठेवावं लागंल.

मला हसू आलं न्हाई. एवढीशी वात अशी पेटती, तर त्या लवेचा ढीग कुठं हाय? भिंतीपलीकडं, पाळण्यापासून चार हातांवर, गरम हवेत. पळत बोळीत गेलो. मशीनवर हात ठेववंना. खटका बंद केला, पिन उपसली, थंड होऊ दिलं, मग ओढून पाईप काढला, तर आत उशी भरंल एवढी लव. मच्छरदाणीच्या तुकड्यावर तर लव थापून वाळल्या गवरीवानी झालेली. जाळीच्या आजूबाजूला काही तंतू तांबूस पडलेले, करपायला लागलेले. मायला हात धरून आणलं आणि दाखवलं.

तिनं करपलेला पुंजका बोटात धरून बघितला आणि म्हणाली, आरं, तुझ्या बापाला सदरा झटकल्याबिगर चुलीपाशी येऊ दिलं न्हाई मी, आणि इथं चुलीच्या पोटातच कापूस भरून ठेवला. आणि स्वतःच अशी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग बाहेर जाऊन साध्या कापसाची वात वळली, औक्षण झालं, नणंदेनं कानात सांगितलं, पोरगी सई झाली.

आता मशीनचा कारभार मायकडं. बाळाच्या मालिशचं तेलकट फडकं आत जात न्हाई, ते दोरीवरच. घरात जागं माणूस असल्याबिगर खटका दाबायचा न्हाई. महिन्याला मी पाईप काढून झटकतो, खिडकीचं तोंड मोकळं हाय का बघतो. दुपटी परत पाऊण तासात वाळतात, हिशोब जुळला. आणि खेप थांबली की माय सईला कडेवर घेऊन जाळी काढती, तिला सांगती, थांब गं बाई, आधी तुझ्या पणज्याचा सदरा झटकू. सई खिदळती. खुशाल हाय बगा सगळं, तुमच्याही घरी असंच राहो.