मूळ डिझाइन कुणाचं?

व्हाइटफील्डच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत होते. शेजारच्या भावाबहिणीचं मराठी कानावर आलं. माझ्या आईच्या घरचं, कन्नडात भिजलेलं.

"अण्णा, स्वल्प हळू. बीपी तपासायला आलोय."

"हळू कसा? बारा वर्षं त्या कंपनीत सर्किट बोर्ड डिझाइन केले. आता सल्लागार म्हणून त्यांचाच बिघाड शोधायला बोलावलं."

"सापडला ना?"

"सापडला! मी सोडून गेल्यावर माझा फ्यूज यांनीच काढलाय, जागा वाचवायला. वर म्हणतात, अहवालात लिहा, मूळ डिझाइन चुकलं."

"ते तुझंच, हे सांगितलंस?"

"बोर्डावरची माझी आद्याक्षरं दाखवली."

"मग?"

"म्हणाले, तीही काढून टाकू. पुढचं काम हवं असेल तर सही करा."

"केलीस?"

"केली. फ्यूज कुणी काढला ते लिहून, त्याखाली. आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव."