चार बिड्यांवर हैदराबाद

विमानाची घरघर ऐकू आली की नागपूरजवळच्या आमच्या सेलूकडे जेवतं माणूसही उठून अंगणात यायचं. ऐंशी सालच्या सुमाराला अशीच घरघर सुरू असताना माझ्या सुमीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा हैदराबादला नोकरीला होता, आणि सुमीची आई पोरगी इतक्या दूर द्यायला तयार नव्हती.

सोयरीक आणणारे नामदेवराव वर बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, दूर काऊन म्हणता? नागपूरहून विमान तासाभरात पोचते!"

आम्ही अंतर वाटेत ओढून होणाऱ्या बिड्यांवर मोजणारी माणसं. मी म्हणालो, "म्हंजे चार बिड्या झाल्या. आपलं वावरही तेवढंच दूर हाये."

"हो का?" ही म्हणाली. "मंग पोरगी बाळंतपणाले येईन, तं विमान वावरात उतरन का?"

सगळे हसले, पण बोलणी तिथंच अडली. मी चहा घेऊन आलेल्या सुमीलाच विचारलं, "काय वं सुमे, चार बिड्या दूर जाशीन का?"

सुमी रोज माझ्या बिड्या लपवून ठेवायची. त्या दिवशी तिनं डब्यामागून बंडल काढलं, मोजून चार बिड्या माझ्या हातावर ठेवल्या आणि आत गेली.