घोडा घरी ने

बुरुल : ...आणि त्या घोड्याला माझ्या पाठीशी आणू नकोस. त्याचा श्वास मानेवर लागतोय.

एलनुरा : आई, पाय दुखतोय तुमचा. म्हणून तर थांबलात.

बुरुल : दुखतोय म्हणूनच थांबले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? पोटरी पिळून निघतेय. निवली की निघू.

एलनुरा : मग ह्यांनी मला घोडा घेऊन मागे कशाला पाठवलंय? आई थांबली की तिला बसव, म्हणाले.

बुरुल : माझा तालाय गुणाचा आहे. आईला चार पावलं चालू देत नाही. मी थांबले रे थांबले की घोडा हजर. आणि मीही बसतेच. रिकीब समोर दिसली की पाय आपोआप वर जातो मेला. मग घरी पोचल्यावर त्या डॉक्टरीणबाईचं तोंड आठवतं.

एलनुरा : त्यांचं काय जातंय? त्या शहरातल्या दवाखान्यात बसून सांगणार. इथे नावं मला ठेवतात. आपल्यात सासूला पायी हिंडवतं का कोणी?

बुरुल : बसून नाही सांगितलं तिने. व्हरांड्यात माझ्या बरोबरीने चालली. दुखेपर्यंत चाला, दुखलं की थांबा, निवलं की पुन्हा चाला. मी म्हटलं, बाई, दुखणाऱ्या पायाला आणखी दुखवायचं? तर म्हणाली, रक्ताच्या नळ्या अरुंद झाल्यात, खाली कमी उतरतं. रोज चालवलंत तर पोटरी थोडक्यात भागवायला शिकेल. ते मला पटलं. गवत कमी झालं म्हणून मेंढरं लगेच मरत नाहीत, खरवडून खायला शिकतात. पण त्यांना हिंडवावं लागतं. गोठ्यात उभं राहून नाही शिकत कोणी.

एलनुरा : आणि नाहीच शिकली पोटरी तर?

बुरुल : तर तुम्ही सगळे उन्हाळ्यात वर कुरणावर, आणि मी इथे टीव्हीपुढे. तालाय बोललाच की, पुलापर्यंत पायी जाऊन पायी परत ये, मग तुझं अंथरूण ट्रकवर चढवतो. हसत बोलला तो. मी हसले नाही.

एलनुरा : वर घोड्यावरूनही जाता येईल, आई.

बुरुल : जाता येईल. आणि मग? घोड्यावर बसून झऱ्याचं पाणी भरू? घोड्यावर बसून घोडीची धार काढू? तंबूत गाठोडं होऊन पडायला मी येत नाही.

एलनुरा : हळू बोला. कुलिपाकाकू फाटकातून बाहेर येतायत, हातात नान आहे.

बुरुल : येऊ दे. माझ्याच वयाची आहे, पण माझ्यापेक्षा जीभ जास्त चालते तिची.

कुलिपा : काय बुरुल, पुन्हा माझं सफरचंदाचं झाड बघत उभी का?

बुरुल : तुझ्या झाडाचं एवढं कौतुक केलं ते पाय दुखायचा म्हणून. कुठेतरी बघत उभं राहायला हवं होतं. झाड काही एवढं बरं नाही.

कुलिपा : अगं बाई. आणि मी दरवर्षी टोपलीभर धाडत होते तुला.

बुरुल : आंबट होती.

कुलिपा : मग तुझ्या मेंढरांनी खाल्ली असतील, म्हणून ती धष्टपुष्ट झालीत. चल आत, चहा तयार आहे. आणि खरं सांग, तालायने घोडे विकले का? तू पायी हिंडतेस म्हणून गावात तसंच बोलतायत.

बुरुल : मग हा मागे उभा आहे तो काय बोकड आहे? सांग त्यांना, बुरुल आपल्या मर्जीने चालतेय. तुझ्या नानाचा तुकडा मोडून खाते, मान राखते. आत येत नाही. मागे आले होते तर तुझ्या चहाच्या समोवरपुढे संध्याकाळ झाली, आणि घरी गेले घोड्यावरून.

कुलिपा : तुझा नवरा असता तर असं पायी हिंडू दिलं असतं त्याने तुला?

बुरुल : त्याचीही पोटरी अशीच दुखायची, कुलिपा. त्याला कोणी चाल म्हटलं नाही. सगळं गाव त्याला मानाने घोड्यावर चढवायचं. शेवटी पाय कापला. तोही मानानेच.

कुलिपा : घे, आणखी एक तुकडा घे. वाटेत लागेल.

बुरुल : दे. निवली पोटरी. एलनुरा, चढ घोड्यावर.

एलनुरा : मी? तुम्ही पायी आणि मी वर? आई, बोभाटा होईल.

बुरुल : होऊ दे. हा घोडा असाच मागून येत राहिला तर पुढच्या वळणावर मी बसेन. मला माझा भरवसा नाही. घरी ने त्याला.

कुलिपा : सून घोड्यावर आणि सासू पायी. उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

बुरुल : मग नीट बघून घे. पुलावरून येताना पुन्हा तुझ्याच दारात थांबणार आहे मी, आणि झाडाकडे बघणार नाही.

(एलनुरा घोड्यावर चढते.)

एलनुरा : आई, पुढे दुखलं तर?

बुरुल : दुखेलच. मग थांबेन.

एलनुरा : ह्यांना काय सांगू?

बुरुल : सांग, माझं अंथरूण उन्हात टाक, ट्रकवर चढवायचंय.