कात्री लावण्याआधी

नाही नाही, हलू नका साहेब — बगलेत टाचण्या आहेत. संध्याकाळी सत्काराला ओरखडे घेऊन जाणार का? आणि तुम्हीच आपल्या तोंडानं सांगितलंत, की ती अंतराळयानाची मालिका तुम्ही लिहिता — मग मी गप्प बसेन होय? मागचा भाग पाहिला ना मी. समोरच्या बटणांच्या दुकानात, मालकीणबाईंकडे छोटा टीव्ही आहे. हात जरा वर करता? — विचारतोय हं, ओढत नाही. तुमच्या कप्तानानं एवढं तरी विचारायचं होतं.

काय ते — परग्रहावरची गुलाबी धूळ नाकात जाते, वैमानिक बाईचं भान हरपतं, आणि ज्याला रोज चार हात लांब ठेवायची त्याच कप्तानाच्या गळ्यात पडते. डॉक्टरनं बजावलंय, सकाळपर्यंत ती तिची नाही. आणि हा गडी काय करतो? आतून दार लावतो. सकाळी तिला काही आठवत नाही, आणि अख्खं यान एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतंय. — ती हो म्हणाली होती? अहो, ती कुठली, धूळ हो म्हणाली. शेवटी हसली म्हणता? कशाला हसायचं हे तरी तिला सांगितलंत का?

माझ्याकडे एक कंत्राटदार आला होता, झोकांड्या खात. भारीतलं भारी कापड काढा, सगळ्या भावांना कोट शिवा. मला काय, धंदाच होता — पण खडूनं रेघा मारल्या, कात्री नाही लावली. म्हटलं, उतरल्यावर या. आला सकाळी, म्हणाला, मास्टर, मला भाऊच नाहीत. खडू झटकला की जातो साहेब. कात्रीचं तसं नाही.

गंमतच आहे हो, कोण नाही म्हणतं? पण बटणवाल्या बाई नाही हसल्या. टीव्ही बंद केला आणि मला म्हणाल्या, “मास्टर, ती धूळ तुमच्या हाती लागली असती तर?” मी म्हटलं, नाल्यात ओतली असती. आणि कप्तान असतो तर दाराबाहेर स्टूल टाकून बसलो असतो, उजाडेपर्यंत. — त्या? बटणं निवडायला बसल्या.

मलाच का विचारलं? — सहज. शेजार आहे. — ते? ते विकायचं नाही. ते बदामी कापड माझंच आहे. लग्नाच्या कोटाचं — म्हणजे, ठरलं तर. नुसत्या रेघा आहेत त्यावर. पुसट झाल्या की पुन्हा मारतो. माझा भाऊ म्हणतो, बाई नाही तर म्हणाल्या नाहीत ना, मग तारीख धर. म्हटलं, तुझ्याही नाकात गेली का धूळ? विचार करून सांगते म्हणाल्यात. करू देत की.

पुढच्या भागात त्या दोघांचं लग्न लावताय? अहो, आधी तिला खरं काय झालं ते कळू तर द्या. मग ती त्याच्या थोबाडीत देते की यान सोडून जाते, ते तिचं तिला —

थांबा. त्याच येतायत. रस्ता ओलांडतायत — हातात बटणांचं पुडकं नाही. नुसत्या कधी येत नाहीत त्या. कोट काढा साहेब, टाचण्या सांभाळून — उद्या या. सत्कार आज आहे? मग घरचाच घाला, कोण बघतंय. आणि जाता जाता ती कात्री जरा इकडे — नको. असू दे तिथंच. आधी त्यांना बोलू देत.